उन्हाला मज्जाव

इंदिरानगरातील ‘सूर्यछाया’ सोसायटीने सूर्याचा सन्मान करण्याचे ठरवले, आणि त्या सन्मानाचा पहिला परिणाम म्हणून गच्चीला कुलूप लागले.

अध्यक्ष महेश बोरस्ते यांनी अर्ध्या गच्चीवर सोलर पॅनेल बसवून घेतले होते, जिन्यातले दिवे बदलले होते आणि एका संस्थेच्या ‘ऊर्जासंयमी सोसायटी’ या पुरस्कारासाठी अर्ज केला होता. उरलेली अर्धी गच्ची मोकळी होती. परंतु परीक्षकांच्या दृष्टीस चादरी, परकर आणि वाळवणे पडू नयेत म्हणून तिथे दोरी बांधण्यास मनाई झाली. सदस्यांनी हा नियम विनातक्रार पाळला. त्यांनी कपडे वाळवण्याची यंत्रे विकत घेतली. वैशाखातल्या नाशकात, जिथे ओला पंचा झटकेपर्यंत सुकतो, तिथे बंद खोल्यांतून पायजमे विजेवर गरगरू लागले. यंत्रांवर पाच तारे होते, त्यामुळे कोणाच्याही विवेकबुद्धीला घाम फुटला नाही. पाच तारे म्हणजे कमी वीज, एवढे सर्वांना पाठ होते. बंद ठेवल्यास त्याहूनही कमी, हा पुढचा चरण कोणी पाठ केला नव्हता.

महेशरावांची कन्या मनाली हिचे लग्न जवळ आले होते. रुखवतात घरच्या कुरडया मांडायच्या, हा त्यांच्या पत्नीचा, मंजुषाचा, हट्ट होता. त्यासाठी सासूबाई नवसाबाई चांदवडहून आल्या होत्या. गहू भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून चीक काढला गेला. परीक्षकांची भेट पुढच्या आठवड्यात ठरली होती. त्यांनी ती अलीकडे आणली, आणि नेमकी कुरडया घालायच्या सकाळी.

“अहो, गच्चीची किल्ली द्या. चीक शिजायला ठेवलाय.”

“आज जमणार नाही. परीक्षक येताहेत.”

“मग काय त्यांना विचारून शिजवू? आज वाळल्या नाहीत तर सगळं आंबेल. एक कोपरा द्या, तुमच्या पॅनेलला सावलीसुद्धा लागणार नाही.”

“मंजुषा, नियम मी केला. मीच मोडू?”

“लोकांच्या लेकीसाठी मोडला नसता, हे ठाऊक होतं. स्वतःच्या लेकीसाठीही मोडत नाही म्हणजे फारच थोर.”

“थोर हायच माझा लेक,” पलंगावरून नवसाबाई म्हणाल्या. “ल्हानपणी नैवेद्य दाखवून लगीच झाकून ठेवायचा. देवानं खाऊ नाय म्हनून.”

नवसाबाईंना मात्र फार बोलण्याचा अधिकार नव्हता. आल्या दिवसापासून त्या एसी सोळावर ठेवून गोधडी पांघरून बसत. कोणी विचारलेच तर म्हणत, “पाच चांदण्या हायेत ना? मंग चालू दे.”

महेशरावांनी तोडगा काढला. शयनगृहात प्लास्टिक अंथरायचे, त्यावर कुरडया घालायच्या, पंखे पूर्ण वेगाने सोडायचे आणि माळ्यावरचा थंडीतला हीटर खाली काढायचा. हीटर लागला तशा नवसाबाई, “मला बी वाळवतो काय रं?” म्हणून कुरकुरल्या, तेव्हा एसीही सुरू राहिला. एका भिंतीवरून वैशाख आणि समोरच्या भिंतीवरून पौष असे दोन्ही ऋतू कुरडयांवर एकदम वाहू लागले. त्याच वेळी वर, कुलपाआड, खरा वैशाख रिकाम्या फरशीवर फुकट तापत होता.

परीक्षक आले. गच्ची पाहून म्हणाले, “इतकी स्वच्छ गच्ची नाशकात पाहिली नाही, बोरस्तेसाहेब.” मग उन्हाने कासावीस होऊन पाणी पिण्यासाठी ते महेशरावांच्या घरी उतरले आणि शयनगृहाचे अर्धवट उघडे दार पाहून आत डोकावले. हीटर लाल होता, एसी घुमत होता आणि पलंगावर गोधडीतून नवसाबाई त्यांच्याकडे पाहत होत्या.

“घरात वाळवण?” परीक्षकांनी विचारले.

“हो,” मंजुषा म्हणाली. “ऊन तुमच्यासाठी राखून ठेवलंय.”

परीक्षकांनी खोलीतल्या गारव्यात कपाळ टिपले, किंचित विचार केला आणि म्हणाले, “घरातली वीज आमच्या निकषांत येत नाही, वहिनी. आम्ही फक्त सामाईक मीटर पाहतो.” आणि ते दार त्यांनी स्वतःच्या हाताने ओढून घेतले.

पुरस्कार मिळाला. समारंभात महेशराव म्हणाले की साधने आपल्यापाशी आहेत, बदलायचे आहे ते माणसाचे वर्तन. यावर टाळ्या पडल्या. कुरडया वरून कडक आणि आतून ओल्या राहिल्या होत्या. डबा उघडला तेव्हा त्यांवर हिरवी बुरशी चढलेली होती. मंजुषाने डबा बंद केला आणि नवऱ्याला एकच वाक्य सांगितले, “पंचवटीतून विकतच्या आणा.” त्यांनी आणल्या. पाकिटावर ठळक अक्षरांत छापले होते : उन्हात वाळवलेल्या.

लग्नात रुखवत मांडले गेले. महेशरावांनी, पाहुण्यांना प्रेरणा मिळावी म्हणून, कुरडयांच्या ताटाशेजारी पुरस्काराचे सन्मानचिन्ह ठेवले. विहीणबाई कौतुकाने वाकल्या.

“किती पांढऱ्याशुभ्र. घरच्याच ना?”

“नाही, विकतच्या,” मंजुषा म्हणाली आणि तिने सन्मानचिन्हाकडे बोट दाखवले. “घरचं हे एवढंच.”

महेशराव संतोषाने हसले आणि सगळ्यांना नीट दिसावे म्हणून त्यांनी ते जरा पुढे सरकवले.