राहू द्या

अंगुस्तान बोटातच होतं. हातशिलाई चालली होती, आणि फोन उचलताना ते काचेवर टक्कन वाजलं, तेव्हा मास्तरांना आधी वाटलं की काच तडकली. पलीकडे संकलन करणारी बाई होती. बायकोची शाळेपासूनची मैत्रीण, तोंडाची फटकळ. बायकोचा सिनेमा हीच जुळवत बसली होती. इतक्या वर्षांत तिने त्यांना मास्तर सोडून दुसरी हाक मारली नव्हती. त्या दिवशी म्हणाली, "दादा, जरा इकडे या." दादा... पुढचं मास्तरांनी विचारलं नाही. दिवा बंद केला, कुलूप लावलं, रस्ता ओलांडला. दवाखान्यात कुणीतरी त्यांचा हात हातात घेतला तेव्हा अंगुस्तान मध्ये आलं. बायको संकलनाच्या खोलीत बसल्या जागी गेली, म्हणे. समोर पडद्यावर चित्र तसंच थांबलेलं होतं.

त्याला आता सव्वा महिना झाला. आज मंगळवार. मास्तरांनी दुकान उघडलं, झाडलं, आणि सवयीने खुंटीकडे बघितलं — निळा फ्रॉक, विटून विटून राखाडीकडे झुकलेला. एकाच मुलीने पाच सुट्ट्या घातलेला. बायकोला एका मुलीच्या मोठं होण्याचा सिनेमा करायचा होता आणि त्यासाठी लहान-मोठ्या चार मुली उभ्या करायच्या नव्हत्या. एकच मुलगी, दर सुट्टीत थोडी थोडी, जशी वाढेल तशी. निर्माते विचारायचे, "पण बाई, यात घडतं काय?" ती म्हणायची, "उंची वाढते," आणि समोरचा चहा तसाच ठेवून उठून यायची. एकाने सुचवलं होतं, मुलीला एक थोरला भाऊ द्या, मग गोष्ट त्याची करता येईल. हे घरी सांगताना ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मास्तरांनी पाणी आणलं. ती म्हणाली, "राहू द्या."

तिचा शब्द. पिशवी उचलायला गेलं की राहू द्या, भांडी घासायला घेतली की राहू द्या, आणि खरंच राहू दिलं तर तासाभराने, "मेलं या घरात कुणाला काही दिसतं का?" सतरा वर्षांच्या संसारात मास्तर एवढं शिकले होते की राहू द्या म्हणजे करा.

फ्रॉक त्यांनीच शिवला होता, वाढत्या अंगाचा, खाली तीन बोटं दुमड ठेवून. दर सुट्टीत एक बोट दुमड सोडायची. सोडलेल्या जागी कापड मूळच्या रंगाचं निघायचं आणि जुन्या घडीची पांढरट रेघ वर राहायची. अशा तीन रेघा झाल्या. "कॅमेऱ्यात दिसतील गं," ते ओशाळून म्हणाले होते. "दिसू देत की," म्हणत तिने रेघांवरून बोट फिरवलं होतं, जसं कुणी पोराच्या पाठीवरून फिरवावं. त्यांना मूल नव्हतं. तो विषय दोघांनी केव्हाच बंद केला होता.

पाचव्या सुट्टीला दुमड संपली. मशीन चालू असताना ती दारातून म्हणाली, "यंदा फ्रॉक राहू द्या हं." आणि गेली. मुलगी माप द्यायला आली तेव्हा फ्रॉक गुडघ्याच्या वर चढलेला, काखेत काचत होता. शिंप्याच्या डोळ्याला ते बघवत नाही. सारखं कापड बाजारात मिळेना, तेव्हा मास्तरांनी कपाट उघडून बायकोचा जुना निळा शर्ट काढला — पहिल्या सिनेमाच्या वेळी ती रोज तोच घालायची — आणि त्याची पट्टी कापून खाली जोडली, काखेत तुकडे घातले. इतकं चोख काम त्यांच्या हातून कितीतरी वर्षांत झालं नव्हतं.

शूटिंगच्या ठिकाणी ते स्वतः घेऊन गेले. फ्रॉक मुलीच्या अंगावर असा बसला की बघत राहावं. "रंग कसा जुळलाय बघ," ते म्हणाले. बायको पट्टीकडे बघत होती, आपल्या शर्टाकडे.

"हो," ती म्हणाली. "रंग जुळला."

मग सगळ्यांना सांगितलं की आज काम होणार नाही. घरी आल्यावर एवढंच बोलली, "पोर त्या फ्रॉकात मावत नाही, त्या एका दिवसाची मी चार वर्षं वाट बघत होते, मास्तर."

"मग तसं सांगायचंस ना!"

"सांगितलं होतं."

दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी सकाळी जाताना म्हणाली, "चहा झाकून ठेवलाय." आणि अकरा वाजता तो फोन.

...आज अकरालाच दार वाजलं. संकलन करणारी आली, आणि मागून ती मुलगी, चौदाची, खांदे पुढे ओढून चालणारी.

"मास्तरकाका, मी अजून एक बोट वाढले."

"उंचीने की जिभेने?" मास्तर बोलून गेले, आणि स्वतःच चपापले.

मैत्रीण स्टुलावर बसली. "दादा, हिच्या वडिलांची बदली झालीय. शनिवारी निघतायत. शेवटचा प्रसंग शुक्रवारी घेतला तर घेतला. फ्रॉक अंगात शिरत नाही, बाहेरून आई दार वाजवते, ही उघडत नाही, संपलं. आम्ही दोघी-तिघी करू. तेवढी ती पट्टी आणि काखेतले तुकडे काढून द्या."

"पट्टी काय, ब्लेड घेतलं की कुणीही काढील. तूच काढ."

"मी? माझ्या हाताने फाटेल. संकलनात कापते मी, कापडात नाही." ती हसायला गेली, पण हसू आलं नाही. तिने पिशवीतून वही काढली. "ही तिची. तुम्ही बघावी असं वाटलं."

शेवटच्या प्रसंगाची यादी होती. दाराची कडी आतून. आरसा खाली घेणे. मुलीला आदल्या दिवशी काही सांगू नये. प्रत्येकापुढे बरोबरची खूण. सगळ्यात खाली: फ्रॉकचं मास्तरांना नीट समजावून सांगणे.

त्याच्यापुढे खूण नव्हती.

मुलगी खुंटीजवळ उभी राहून फ्रॉकची कड चाचपत होती. मास्तरांच्या बायकोला ती ताई म्हणायची. "मला हा कधीच आवडला नाही. ताईला सांगितलं तर म्हणाली, मलाही माझा नव्हता आवडत. तिची आई तिचा एकच फ्रॉक वाढवत राहिली, सोळाव्या वर्षापर्यंत. मुलगी लहान दिसली की आईला बरं वाटायचं म्हणे." मग मास्तरांचा चेहरा बघून म्हणाली, "तुम्हाला माहीत असेलच."

"हो," मास्तर म्हणाले.

त्या गेल्या. गिऱ्हाईक आलं, पँटची चेन बदलून घेऊन गेलं. दुसरं आलं, त्याला उद्या ये म्हटलं. मास्तर वहीतल्या त्या ओळीकडे बघत राहिले. सव्वा महिना ते एका खुंटीला धरून होते — चूक माझी, मी ऐकलं नाही. आणि आता ही ओळ. म्हणजे सांगायचं राहिलं होतं, हे तिलाही कळलं होतं... की अबोला सुटला की सांगू म्हणून तिने त्या दोन दिवसांत लिहिली? शाईवरून कळत नाही. चूक निदान माझी होती, तेवढी तरी माझ्याकडे होती. पोरीला सांगितलंस, उद्या थेटरातल्या परक्या माणसांनाही सांगणार होतीस, आणि मी शेजारी सतरा वर्षं मशीन मारत बसलो होतो. मी तरी कुठे विचारलं? कपडा आला की सैल करायचा, एवढंच मला येतं. तुझ्या आईसारखंच.

उन्हं काउंटरवरून खाली उतरली तेव्हा त्यांनी फ्रॉक मांडीवर घेतला. ब्लेड काढलं. पट्टीवर, काठाजवळ, शर्टाच्या एका जुन्या बटणाच्या टाक्यांची भोकं होती. हे बटण तुटलं तेव्हा ते लावून देतो म्हणाले होते, आणि ती म्हणाली होती... त्या वेळी त्यांनी लावलं होतं की नव्हतं?

उसवली तर प्रसंग होईल, सिनेमा पुरा होईल, लोक उठून घरी जातील. नाही उसवली तर मुलगी शनिवारी निघून जाईल. बायकोला विचारता आलं असतं तर काय म्हणाली असती, हे मास्तरांना स्वच्छ ऐकू आलं, दारातून, मशीनच्या आवाजावरून — राहू द्या. आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा त्यांना त्याचा अर्थ लागेना.

त्यांनी ब्लेड कागदात गुंडाळून ठेवलं. फ्रॉक मांडीवरच होता. शुक्रवारला तीन दिवस आहेत. पट्टी उसवायची राहिली आहे.