सोनेरी द्राक्षांचा आरसा

मित्रांनो, मी शिंपी मास्तरांच्या दुकानातला जुना आरसा आहे. उंचीने माणसाएवढा, चौकट साध्या लाकडाची. काच कारखान्यातून आली. चौकट मास्तरांनी सुताराकडून समोर बसून करून घेतली. "नक्षी नको रे बाबा," ते त्याला म्हणाले होते, "लोक इथं कोट बघायला येतात."

कोटाचं फिटिंग मास्तर नेहमी माझ्यात बघत. गिऱ्हाईक पुढे, ते मागे, तोंडात टाचण्या. समोरून पाहिलं की माणूस दिसतो, आरशात पाहिलं की कोट दिसतो, असं त्यांचं म्हणणं. चाळीस वर्षांत त्यांचा एकही कोट उसवायला परत आला नाही. त्यातलं थोडं श्रेय माझं, असं मी आपला समजत असे.

मग मास्तरांची नवी सून दुकानात बसू लागली. हाताची मोठी हुशार, पण तिला मोकळी जागा म्हणून बघवत नसे. आधी तिने माझ्या चौकटीला सोनेरी रंग फासला. मग कडेने शिंपले, त्यावर मणी, दोन बाजूंना दोन प्लॅस्टिकचे मोर. तरी हौस फिटेना, म्हणून वरच्या उजव्या कोपऱ्यातून थेट काचेवर सोनेरी द्राक्षांचा हा भलामोठा घड चिकटवला.

"कसं दिसतंय, बाबा?"

"छान आहे हं," मास्तर म्हणाले. हौसेने केलंय, तिचं मन कसं मोडायचं? गिऱ्हाइकंही वाहवा करत. खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर मूठभर मांस चढलं.

एके दिवशी पोस्टमन आले. ते निवृत्त होत होते आणि निरोपाच्या समारंभात घालायला त्यांना आयुष्यातला पहिला कोट शिवून हवा होता. वर्षानुवर्षं पिशवी वाहून त्यांचा उजवा खांदा उतरला होता. फिटिंगच्या वेळी माझ्यात नेमका तोच खांदा द्राक्षांआड गेला. मास्तरांनी उरलेला कोट बघितला आणि मान डोलावली.

समारंभाच्या आदल्या दिवशी सकाळीच पोस्टमन कोट घेऊन परत आले. "मास्तर, रागावू नका. घरी सगळे म्हणतात, एका बाजूला लोंबतोय."

कोट ठेवून ते गेले. मास्तरांनी आपली कात्री फडक्यात गुंडाळली. "नजर गेली माझी," ते सुनेला म्हणाले. "आता तूच बघ दुकान." मला सगळं ठाऊक होतं, पण सांगणार कसं? इतकं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं.

सुनेला काही ते पटेना. तिने कोट स्वतःच्या अंगात चढवला, पोस्टमनांची उंची यावी म्हणून स्टुलावर चढली आणि माझ्यात बघितलं. खांद्याच्या जागी द्राक्षं! ती खाली उतरली, उसवायचं ब्लेड घेतलं आणि घड खरवडायला लागली.

"नजर नाही गेली तुमची, बाबा. मी झाकली. तेव्हाच का नाही बोललात?"

"तू एवढ्या हौसेने केलं होतंस गं."

"मग माझी हौस मोठी की तुमचा कोट?"

मास्तरांनी कात्रीवरचं फडकं सोडलं. संध्याकाळी पोस्टमन माझ्यापुढे उभे राहिले तेव्हा दोन्ही खांदे एका रेषेत होते. ते कितीतरी वेळ हललेच नाहीत.

मोर गेले, मणी गेले. गोंदाचे डाग तेवढे राहिले. मित्रांनो, मला ओल्या फडक्याने पुसा, एवढं पुरे. आणि कुणी आपलं माणूस हौसेने "कसं दिसतंय?" विचारेल, तेव्हा धीर करून खरं काय ते सांगा. मी फक्त दाखवू शकतो. बोलायचं काम तुमचं आहे.