कोकराचा रकाना

मुलीच्या मोज्यांच्या जोड्या जुळवता जुळवता सासूबाईंचा हात थांबला. तेव्हाच बातमीवालीला कळलं, की मथळा पडला.

नियम तिनेच केला होता, सहा वर्षांपूर्वी, नोकरीला लागली तेव्हा. गुरांच्या आणि माणसांच्या आजारांवर संशोधन करणाऱ्या संस्थेत तिथल्या बातम्या लोकांना कळतील अशा भाषेत लिहायचं तिचं काम. संस्थेत तिचं नाव मागे पडून सगळे तिला बातमीवालीच म्हणत. प्रत्येक बातमी बाहेर जाण्याआधी ती सासूबाईंना वाचून दाखवायची. सासूबाईंचा संशोधनाशी काडीचा संबंध नाही, हीच त्यांची पात्रता. त्या हातात काहीतरी काम घेऊन ऐकायच्या, आणि जिथे हात थांबेल ते वाक्य बदलायचं. वाद नाही.

"परत वाच," सासूबाई म्हणाल्या.

"मायेचं दार एकच दिवस उघडं."

"छान आहे. पण मेंढी कुठेय त्यात?"

"दुसऱ्या ओळीत आहे की."

"दुसऱ्या ओळीपर्यंत कोण पोचतंय? मी तर पहिल्या ओळीलाच पेपर मिटला असता आणि दिवसभर रडत बसले असते." बोलून झाल्यावर त्यांना आपलं बोलणं ऐकू आलं. त्यांनी घाईघाईने एक लाल मोजा एका निळ्या मोज्यात घातला.

बातमीवाली कागदाकडे बघत राहिली. मथळा कालच सुचला होता, बसमध्ये, आणि सुचला तेव्हा असा आनंद झाला होता की ती एक थांबा पुढे जाऊन उतरली. संचालकांनी वाचून पाठ थोपटली होती. नव्या मुलामुलींना तीच तर शिकवायची, की मथळ्यातून जनावर गळू देऊ नका. उंदराला लागू पडलेलं औषध माणसाच्या गळ्यात मारू नका. आणि तिच्याच हातून अभ्यासातल्या चाळीसच्या चाळीस मेंढ्या गळून पडल्या होत्या. मागे उरलं होतं ते फक्त दार, आणि ते बंद.

तेवढ्यात मुठी आली. पावणेतीन वर्षांची, एका पायात बूट, दुसरा हातात. घरी आली त्या दिवशी दोन्ही मुठी घट्ट मिटून आली, म्हणून बाबाने ठेवलेलं नाव. खुर्चीला वळसा घालावा तसा तिने बातमीवालीला वळसा घातला आणि बूट सासूबाईंच्या मांडीवर ठेवला.

"आई, बूट."

"अगं, मी आजी. आई ती बघ."

मुठीने बोटाच्या दिशेने पाहिलं. त्या दिशेला आई होती आणि आईच्या मागे खिडकी होती. मुठीने खिडकी बघितली.

"बरोबर आहे तिचं," बातमीवाली हसून म्हणाली. "या घरात तुम्हालाच तर सगळे आई म्हणतात."

हसणं तिला जमायचं. पाच महिन्यांत चांगलंच जमायला लागलं होतं. मुठी बाबाच्या खांद्यावर चढायची, सासूबाईंच्या कुशीत झोपायची, खालच्या मजल्यावरच्या काकांनासुद्धा आपला खाऊ दाखवायची. फक्त हिचा हात लागला की अंग आखडून घ्यायची. कारण घरात सगळ्यांना माहीत होतं, बोलत कुणी नव्हतं. बालसदनातल्या ज्या मावशीने तिला लहानाचं मोठं केलं, तिच्या कडेवरून मुठीला उचलून घेणारे हात हिचे होते. त्या दिवशी मुठी गाडीत रडली नव्हती. नुसती या हातांकडे बघत राहिली होती.

बातमी उद्या सकाळी जायची होती. मथळा नव्हता.

मथळा अडला की बातमीवाली जनावरांकडे जायची. टेबलाशी बसून शब्द सुचतात, जनावर सुचत नाही, असं तिचं म्हणणं. दुपारी ती संस्थेच्या मागच्या अंगाला, मेंढ्यांच्या गोठ्यात गेली.

बाहेर हुडहुडी भरवणारी थंडी होती आणि आत ऊब. उंचावरच्या झरोक्यांतून उन्हाच्या तिरप्या पट्ट्या उतरल्या होत्या, त्यांत गवताची धूळ तरंगत होती, इतकी हळू, की खाली यायचं तिने ठरवलेलंच नसावं. चाळीस मेंढ्या रवंथ करत होत्या. तो आवाज दूरवर कुणीतरी ओल्या वाळूतून चालत असल्यासारखा येत राहतो, आणि थोड्या वेळाने आपणच चालतोय असं वाटायला लागतं.

"आज कुणाची बातमी?" गोठ्याचे मामा म्हणाले. सव्वीस वर्षं त्यांनी इथे मेंढ्यांची बाळंतपणं केली होती.

"सदतीस नंबरची मेंढी बघायची होती."

"ती काय बघायची? चार पाय, दोन कान. ती तिकडे."

सदतीस नंबरची मेंढी खरंच इतरांसारखीच होती. फरक एवढाच, की तिच्या पाठीवर हनुवटी टेकवून एक कोकरू झोपलं होतं.

अभ्यास साधा होता. मेंढी व्यायल्यावर पहिल्या काही तासांत तिच्यापुढे दुसरीचं अनाथ कोकरू ठेवलं, तर ती त्याला चाटते, त्याचा वास आपला करून घेते, पाजते. दिवस उलटून गेल्यावर ठेवलं, तर डोक्याने ढुशी मारून हाकलते. मेंदूतली कुठली द्रव्यं त्या काही तासांत चढतात आणि ओसरतात, तेही रक्त तपासून पाहिलं होतं. दिवस उलटलेल्या चाळीस मेंढ्यांपैकी एकोणचाळीस मेंढ्यांनी दोन आठवडे कोकराला जवळ येऊ दिलं नाही. सदतीस नंबरने अकराव्या दिवशी पाजलं. संशोधक मॅडमनी फोनवरच बजावलं होतं, की तो अपवाद आहे, बातमीत आणू नकोस, लोक एकोणचाळीस सोडून त्या एकीचं शेपूट धरून पळतील. मॅडमचं चुकत नव्हतं. बातमीवाली नवख्यांना हेच शिकवायची.

तरी तिने मामांना विचारलं, की अकराव्या दिवशी हिच्यात असा काय बदल झाला.

"हिच्यात कसला बदल? ही आठ दिवस ढुशाच मारत होती. बदल म्हणाल तर ते कोकरूच वेगळं."

"म्हणजे?"

मामा चारा पुढे सारत सावकाश सांगत गेले. बाटलीचं दूध सगळ्याच कोकरांना मिळत होतं, पोटं भरलेली होती. तरी बाकीची कोकरं ढुशी बसली की पुन्हा तिथेच घुसायची, नाहीतर कोपऱ्यात जाऊन गळा काढायची. हे ओरडलं नाही. ढुशी खायचं, हातभर मागे सरायचं आणि तिथेच बसायचं. तेही मेंढीकडे पाठ करून.

"पाठ करून?"

"हो तर. जसं काही आपलं हिच्याकडे कामच नाही. ती उठली की हे उठायचं. ती पाण्याला गेली की हे पाण्याला. पुन्हा हातभर अंतरावर पाठ करून बैठक. मीच म्हटलं, अरे, हे कोकरू आहे की रुसलेला सासरा? नवव्या दिवशी तिनेच मान लांब करून त्याच्या पाठीचा वास घेतला. मी इथे उभा होतो."

"आणि हे तुम्ही मॅडमना सांगितलं नाही?"

"कुणी विचारलंच नाही. फॉर्मवर मेंढीने काय केलं तेवढं भरायचं असतं. ढुशी मारली, वास घेतला, पाजलं. कोकराचा रकाना कुठाय त्यात?"

मामा पाणी भरायला गेले. बातमीवाली एका पालथ्या घमेल्यावर टेकली. मुठीच्या खोकल्याने तिची रात्र अर्धीच झाली होती, गवताची ऊब पाठीला लागत होती, आणि ते ओल्या वाळूतलं चालणं सुरूच होतं. डोळा कधी लागला तिला कळलं नाही. त्या गुंगीत मुठी घराएवढी मोठी झाली होती. शांत, पांढरी, उन्हात उभी. आणि बातमीवाली कुठेतरी खाली, तिच्या पायांपाशी, चार बोटं उंचीची. वर बघितलं तर मान दुखत होती. मुठीचा चेहरा दिसत नव्हता, इतका तो उंचावर होता. भीती मात्र अजिबात वाटत नव्हती. वेळ भरपूर होता.

जागी झाली तेव्हा उन्हाची पट्टी तिच्या गुडघ्यावरून खाली उतरली होती. ती तिथून तडक मॅडमच्या खोलीत गेली.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग कपाटातून भरलेले फॉर्म काढले आणि एकेक उलटत राहिल्या, हरवलेलं काही सापडेल अशा आशेने. मेंढी, मेंढी, मेंढी. तारखा आणि बरोबरच्या खुणा. बातमीवालीच्या फोनमध्येही असाच एक तक्ता होता, कुणाला न दाखवलेला. हात लावू दिला, नाही दिला. जवळ आली, नाही आली. पाच महिन्यांच्या तारखा होत्या आणि सगळा हिशेब मुठीचा होता.

"नाहीच की कोकराचा रकाना," मॅडम शेवटी म्हणाल्या. त्यांनी पेन्सिल घेतली, फॉर्मच्या कडेला पट्टी ठेवून वरपासून खालपर्यंत एक रेघ ओढली आणि थोडा वेळ त्या कोऱ्या पट्टीकडे बघत राहिल्या. "पुढच्या हंगामात बघू. मामांना उद्या माझ्याकडे पाठव."

"सदतीस नंबर बातमीत घेऊ?"

"एक मेंढी म्हणजे पुरावा नव्हे."

"माहीत आहे. तसंच लिहीन."

मॅडमनी चष्मा काढला. चष्मा नसला की त्या कुणाच्यातरी मोठ्या बहिणीसारख्या दिसायच्या. "खरं सांग. हे तुला लोकांसाठी हवंय, की..."

"दोन्ही," बातमीवाली म्हणाली. "म्हणूनच म्हणते, तुम्ही तपासा. माझ्यावर सोडू नका."

मॅडम हसल्या. दोघींनी मिळून तासभर चार वाक्यं घासली. चाळीसपैकी एकोणचाळीस मेंढ्यांनी दिवस उलटल्यावर परकं कोकरू स्वीकारलं नाही. एका मेंढीने अकराव्या दिवशी स्वीकारलं; का, ते संशोधकांना अजून माहीत नाही. एका मेंढीवरून निष्कर्ष काढता येत नाही. हा अभ्यास मेंढ्यांचा आहे, माणसांच्या आयांबद्दल तो काहीही सांगत नाही. या शेवटच्या वाक्यावर मॅडमनी स्वतःहून दोनदा पेन्सिल फिरवली, ठळक छापा म्हणून.

मथळा झाला, 'अनाथ कोकरू पहिल्याच दिवशी नव्या मेंढीपुढे ठेवा'. बातमीवालीने तो सासूबाईंना फोनवर वाचून दाखवला.

"हं. मेंढ्या पाळणाऱ्याला उपयोगी पडेल," सासूबाई म्हणाल्या. पलीकडे भांड्यांचा आवाज एकसारखा चालू होता, कुठेही न थांबता. "रडायला मात्र काही ठेवलं नाहीस हो यात."

ती घरी पोचली तेव्हा मुठी बैठकीच्या खोलीत, जमिनीवर पडलेल्या उन्हाच्या शेवटच्या चौकोनात, लाकडी ठोकळे मांडून बसली होती. रोज बातमीवाली दारातच उकिडवी बसायची, हात पसरायची, लाडाच्या आवाजात बोलवायची. आणि रोज मुठी ठोकळे उचलून पलंगाच्या पलीकडे जायची.

आज तिने पिशवी खुंटीला अडकवली. हातपाय धुतले. मग ती येऊन मुठीपासून हातभर अंतरावर जमिनीवर बसली, तोंड भिंतीकडे करून. भिंतीवर काहीच नव्हतं. एक जुना खिळा होता. ती खिळ्याकडे बघत बसली.

मागे ठोकळ्यांचा आवाज थांबला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग तिच्या पाठीवर एक पाय येऊन पडला. लहानसा, उघडा, आणि चांगलाच जोरात. बातमीवाली वीतभर पुढे सरकली आणि तिथे बसली. पाठीत ती जागा गरम झाली होती. डोळ्यांत पाणी आलं, ते तिने येऊ दिलं. भिंतीला काय त्याचं.

उन्हाचा चौकोन भिंतीवर चढला, फिकट झाला. ठोकळ्यावर ठोकळा चढल्याचा एक आवाज झाला. मग आणखी एक.

स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाईंनी डोकावून बघितलं. "अगं, अशी काय भिंतीकडे तोंड करून? काय करतेयस?"

"काही नाही, आई. बसलेय."

सासूबाई पुन्हा आत वळल्या.

आणि मागून, ठोकळ्यांच्या बाजूने, कुणाला ऐकू जावं असा हेतू नसलेल्या आवाजात, मुठी म्हणाली, "बसलेय."