कोरं रक्त

ती आमच्या प्रयोगशाळेत आली आणि सारखे प्रश्न विचारते म्हणून सगळ्यांनी तिचं नाव चिमणी ठेवलं. माझ्या मात्र ती पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपली. सरांकडे कायमची जागा एकच होती आणि ती कुणाला द्यायची हे ते या कामावरून ठरवणार होते. मी इथे इतकी वर्षं घासली होती आणि ही काल आलेली.

काम असं होतं. क्षयाचा जंतू कितीतरी माणसांच्या फुप्फुसात गुपचूप झोपलेला असतो. ना खोकला, ना ताप. पण रक्तातल्या टी-पेशींनी त्याला एकदा पाहिलेलं असतं. त्याचं प्रथिन पुन्हा समोर आलं की त्या चवताळतात आणि प्लेटवरच्या बारीक खळग्यांत निळे ठिपके उमटतात. असं एक प्रथिन मी बनवत होते. क्षयाचा जंतू वाढायला फार रखडवतो, म्हणून त्या प्रथिनाचं जनुक मी आतड्यातल्या साध्या जीवाणूत घातलं होतं. तो भराभर वाढे आणि माझं प्रथिन कसं लखलखीत निघे. तुलनेला कोरं रक्त लागे, म्हणजे क्षयाची लागण नसलेलं. ते मी माझंच देई. माझ्या पेशी प्रथिनापुढे ढिम्म बसत, म्हणून मी कोरी. वेगळी तपासणी करून घ्यावी असं कधी मनातही आलं नाही. अडचण एवढीच होती की लागण झालेल्यांच्या पेशीही बहुतेकदा ढिम्मच बसत.

चिमणीने तेच प्रथिन मेलेल्या क्षयजंतूंमधून काढलं. गढूळ आणि जेमतेम थेंबभर.

"ताई, जंतू आपल्या प्रथिनाला मिथाइलचे बारीक गट चिकटवतो. तुझ्या जीवाणूला ते जमत नाही," ती म्हणाली. "पेशी नेमकं तेच ओळखत असतील तर?"

"मामाने मिशी काढली म्हणून त्याला कुणी ओळखायचं थांबतं का?" मी म्हटलं.

"माझी भाची थांबली होती. भोकाड पसरलं तिने!"

सगळे हसले. सरसुद्धा. माझ्या विनोदाला सर कधी हसल्याचं मला आठवत नाही.

तिच्या पहिल्याच प्लेटवर लागण झालेल्यांच्या रक्तात ठिपकेच ठिपके उमटले. सरांनी तिची पाठ थोपटली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मग मी कोऱ्या रक्ताच्या खळग्याकडे पाहिलं. तिथेही ठिपके होते.

"सर, कोरं रक्तही पेटलंय! हिच्या प्रथिनात घाण आहे."

सरांचा चेहरा पडला. चिमणीचे डोळे भरून आले. मी त्या दुपारी दोन घास जास्तच जेवले.

सरांनी तिला शुक्रवारच्या बैठकीपर्यंत मुदत दिली. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "तुझं प्रथिन थोडं देशील? त्यालाच मिथाइल लावून बघते." मी आनंदाने दिलं. आपटू दे तोंडावर, म्हटलं.

दोन दिवसांनी तिने मला शीतखोलीत बोलावून दार लावून घेतलं.

"ताई, घाण नव्हती. तुझंच स्वच्छ प्रथिन, फक्त मिथाइल लावलेलं. बाकी कोणाचं कोरं रक्त पेटत नाही, एकट्या तुझंच पेटतं. तू आधी तपासून घे गं. सरांना मी काही बोललेले नाही. तू हो म्हणेपर्यंत बोलणारही नाही."

म्हणजे मी नुसतं गप्प बसायचं होतं. हिचं प्रथिन घाणेरडं ठरलं असतं आणि जागा माझी झाली असती.

दवाखान्यात छातीचा फोटो साफ निघाला, पण रक्तात लागण सापडली. झोपलेली, कुणाला न लागणारी. मी आईला फोन केला.

"तुझ्या आत्याला होता की क्षय," आई म्हणाली. "तू तिच्या कुशीतून हलायची नाहीस. तुला कशाला सांगायचं, म्हणून नाही सांगितलं."

बैठकीत सरांनी विचारलं, "त्या कोऱ्या रक्ताचं काय झालं?"

चिमणी मान खाली घालून गप्प राहिली. दिलेला शब्द ती पाळत होती. मला तेही सोसेना. चांगुलपणातसुद्धा हिनेच पुढे असायचं?

"ते कोरं नव्हतंच, सर," मी म्हटलं. "मला लागण आहे. गोळ्या सुरू केल्यात. हिचं बरोबर आहे."

सरांनी प्लेट उजेडात धरली आणि तिच्याकडे असं पाहिलं की जागा कुणाची हे वेगळं सांगायची गरज उरली नाही. मग प्लेट माझ्या हातात आली. एका बाजूला माझं प्रथिन आणि माझं रक्त, तिथे काहीच नव्हतं. त्याच्या शेजारी तेच प्रथिन, तेच रक्त, आणि खळगा निळाभोर झालेला. इतकी वर्षं मी जिवापाड जपलेल्या प्रथिनाकडे माझ्या पेशींनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. हिने त्याला हात लावला आणि माझ्याच पेशी हिच्यासाठी उठून धावल्या.