आधी तुमचा हात

"आधी तुमचा हात द्या, वयनी. पोरीचा मागनं."

कमळने हिरव्या बांगड्यांचा डबा पाटावर ठेवला. समोर गोदावरी उभी होती, फिकट साडीत, मोकळ्या कपाळाने. शेजारी तिची मुलगी आश्लेषा. तिचं परवा लग्न होतं.

"माझा कशाला? चुडा हिला भरायचाय," गोदावरी म्हणाली.

"व्हय. पन आधी तुमचा."

रेवदंड्याच्या बाजारपेठेत घराघरातलं काय ते दुकानांना आधी कळतं. दिनानाथच्या दुकानातून मडकं आणि पांढरं कापड गेलं, की कुठल्या आळीत मरण झालं ते सगळ्या पेठेला ठाऊक होतं. सुक्या मासळीची दुकानं निम्मी झाकलेली दिसली की श्रावण लागला. आणि कासाराच्या दुकानात नवरी बसली, की येणारी-जाणारी बाई घटकाभर थांबून तिचा हात बघते.

कमळच्या दुकानात कित्येक वर्षांत नवरी बसली नव्हती.

तिचा नवरा दयाराम अचानक गेला तेव्हा ती ऐन तरुण होती. महिन्याभराने तिने दुकान उघडलं, कारण दुसरं काही येत नव्हतं. त्याच सुमारास गोदावरीच्या नणंदेचं लग्न निघालं. कमळ टोपली घेऊन त्यांच्या वाडीत गेली. ओटीवर बायका जमल्या होत्या. गोदावरी पुढे आली आणि आवाज जराही खाली न आणता म्हणाली, "टोपली तिथंच ठेव, कमळ. पांढऱ्या कपाळाच्या हातचा चुडा आमच्यात चालत नाही."

बायका हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर कमळला सोपं गेलं असतं. त्या पदर सावरून बाजूला झाल्या, तिला परत जायला वाट द्यायला.

वाडीत जे चालत नाही ते मग गावातही चालेनासं झालं. नवऱ्या कोपऱ्यावरच्या दुसऱ्या कासाराकडे जाऊ लागल्या. कमळ समुद्रावर आलेल्या मुंबईकरांना रंगीत कडी आणि पिना विकून जगली. दारावरून वरात गेली की ती नवरीचे हात बघायची. मनगटावर ओरखडा दिसला की तिला बरं वाटायचं. दोन वर्षांपूर्वी गोदावरीचा नवरा महादेव गेला. दिनानाथच्या दुकानातून मडकं जाताना कमळने पाहिलं आणि त्या दिवशी घरी शिरा केला. कुणाला सांगितलं नाही.

आता कोपऱ्यावरच्या कासाराची मुलं टोप्या आणि पोहायच्या ट्यूब विकतात. चुडा भरणारी एकटी कमळ उरली होती, आणि आश्लेषाला चुडा आपल्या पेठेतलाच हवा होता.

"आई, काय चाललंय हे?" आश्लेषाने विचारलं.

"तुझ्या आत्याच्या लग्नात मला वाडीतनं कशी परत धाडली, ते विचार तिला," कमळ म्हणाली.

दिनानाथ हातातलं काम टाकून दारात आला. मासळीवाल्या उठून उभ्या राहिल्या.

"बाजारात तमाशा नको, कमळ," गोदावरी हळूच म्हणाली. "हवं तर घरी ये. तिथं बोलू."

"घरीच आले होते, वयनी."

"विधवेनं हिरवं भरायचं? लोक काय म्हणतील?"

"तेच बघायचंय मला."

आश्लेषाने आईचा दंड धरला. "चल. मी अलिबागहून आणते."

गोदावरी हलली नाही. तिने एकदा रस्त्याकडे पाहिलं, मग पायरी चढली, पाटासमोर बसली आणि हात पुढे केला.

कमळला वाटलं होतं ती गयावया करील, नाहीतर तोंड लपवून निघून जाईल. तिने मुद्दाम लहान मापाच्या बांगड्या घेतल्या. पंजा चेपला, अंगठा आत वळवला आणि रेटलं. गोदावरीने ओठ मिटून घेतले. चौथी बांगडी हाडावर अडकली आणि कडकन तुटली. काच रुतून रक्त आलं. कासार बांगडी फुटली असं कधी म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. कमळ सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "फुटली."

मग दुसरी घेतली. दोन्ही हात भरून झाल्यावरच आश्लेषाला बसवलं. तिचे हात कमळने सासऱ्याने शिकवलं होतं तसे भरले, लोण्यातून काढावेत तसे. कुठे ओरखडा उठला नाही.

"घट्ट आहेत," उठताना गोदावरी म्हणाली.

"काढायच्या तर फोडाव्या लागतील."

मायलेकी रस्त्याला लागल्या. वळणावर देवळाचा दगडी कट्टा होता. तिथे पोचली की गोदावरी हात आपटून बांगड्या फोडणार, हे कमळला पक्कं ठाऊक होतं. तो आवाज तिला ऐकायचा होता. पेठ गप्प होती, त्यामुळे बांगड्यांची किणकिण स्पष्ट येत होती. गोदावरीने हातावर पदर घेतला नव्हता. दिनानाथच्या समोरून, मासळीवाल्यांच्या समोरून ती हात तसेच मोकळे ठेवून चालत गेली. कट्टा आला. कट्टा मागे पडला.

कमळ कान देऊन बसली होती. किणकिण वाडीच्या दिशेने लांब गेली, मग ऐकू येईनाशी झाली.

पाटावर तुटलेल्या बांगडीचे हिरवे तुकडे पडले होते. तिने ते एकेक करून वेचले, आणि मूठ मिटून तशीच बसून राहिली.