मागची दोन चाकं

"काका, ही गाडी चालवतंय कोण?"

टायरवाल्याने उकिडवं बसूनच विचारलं. पंक्चर काढायला सोडवलेलं मागचं चाक त्याच्यापुढे आडवं पडलं होतं.

"मीच. म्हणजे, चालवत होतो," ओळंबेकाका म्हणाले. "आता विकतोय. संध्याकाळी गिऱ्हाईक येणार आहे. हात गेले माझे."

टायरवाल्याने पुढचंही चाक काढलं आणि दोन्ही चाकं शेजारी शेजारी उभी केली. "हात शाबूत आहेत तुमचे. हे बघा. मागचं दुसऱ्याच मापाचं, बोटभर उंच, शिवाय अरुंद, आणि रबर तर संपलेलंच. पुढचे टायर रस्ता धरणार, मागचे सोडणार. ओल्या रस्त्यावर कधी गोल फिरली नाही का गाडी?"

"फिरली," ओळंबेकाका म्हणाले आणि जुन्या टायरांच्या ढिगावर मटकन बसले.

ओळंबे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. उभी हयात त्यांनी बस चालवली, आणि बस अशी नाकासमोर चालवायचे की डेपोत त्यांना गवंड्याचा ओळंबा म्हणू लागले. पुढे नव्या पोरांना तेच आडनाव वाटलं, आणि यांनीही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. आवडायचं त्यांना ते. निवृत्तीनंतर घेतलेली ही छोटी गाडीही ते डेपोतल्या शिस्तीनेच काढायचे. आधी काठीने चारही टायर ठोकायचे, कान देऊन आवाज ऐकायचा, मग किल्ली. "कलिंगड निवडताय का?" बायको रोज विचारायची. "टायर बघायचा नसतो, ऐकायचा असतो," हे रोज ऐकवायचे.

आणि तिथेच फसले. मागच्या टायरांचा आवाज जाड येतोय, हे त्यांनी ऐकलं होतं. ब्रेक दाबला की गाडीचं ढुंगण हलतंय, हेही जाणवलं होतं. पण खाली वाकून बघतो कोण? त्यांना वाटलं, आपले कानच गेले.

मग त्या पावसाळी दुपारी पुलाजवळच्या वळणावर गाडी गर्रकन फिरली आणि तोंड आल्या वाटेकडे करून थांबली. कुणाला खरचटलंही नाही. पण शेजारी बसलेली बायको अशी किंचाळली की ते किंचाळणं त्यांच्या कानातून जाईना. त्या रात्री जेवताना मुलगा म्हणाला, "बाबा, आता पुरे." साहेबांशी भांडायला कधी न कचरलेला हा माणूस, त्याने मुलाशी वाद घातला नाही. उलट आपल्याच हातांकडे बघत म्हणाला, "खरंय. हात गेले."

तेव्हापासून बायको तिच्या आजारी बहिणीकडे, अक्काकडे, बसने जायची. गुडघे धरून पायऱ्या चढायची. ज्या मार्गावर यांनी आयुष्य काढलं त्याच मार्गाची बस, आणि कंडक्टर विचारायचा, "काका कुठेत?" ती सांगायची, "त्यांना बरं नसतं."

ओळंबेकाकांनी आधी गिऱ्हाइकाला फोन करून गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं. मग मुलाला फोन लावला. गाडीची कामं तोच करून आणायचा. "असशील तसा ये," एवढंच म्हणाले.

मुलगा आला. त्याची गाडीही याच कंपनीची, याच मॉडेलची. त्याने उभी केलेली दोन चाकं पाहिली आणि त्याचा चेहरा पडला. विचारायचं काही उरलं नव्हतं, तरी ओळंबेकाकांनी विचारलं. "माझे टायर कुठेत?"

"माझ्या गाडीला. आम्हाला सहलीला लांब जायचं होतं, बाबा. माझे दोन पार गेले होते. तुमचे नवे होते."

"आणि हे?"

"गॅरेजवाल्याकडे पडलेले होते. रिममध्ये बसले. म्हटलं, तुमचं जाणं-येणं ते किती? मावशीकडे आणि परत. सांगणार होतो, राहून गेलं."

"गाडी फिरली, तेव्हा?"

मुलगा खिशातली किल्ली चाचपू लागला.

"तेव्हा तरी आठवलं होतं का?"

"आठवलं होतं," मुलगा पायांकडे बघत म्हणाला. "पण तोवर तुम्हीच म्हणालात, हात गेले. मग वाटलं, बरंच झालं. या वयात तुम्ही गाडी चालवता, आम्हाला घोर असतोच."

ओळंबेकाकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "घोर? तुला घोर? तुझी आई शेजारी बसली होती माझ्या! टायर नेलेस त्याचं काही नाही रे. मागितले असतेस तर चारही काढून दिले असते. पण मी माझ्या हातांना नावं ठेवत होतो आणि तू समोर बसून जेवत होतास! वर भात मागून घेतलास!"

"बाबा, लोक बघताहेत."

"बघू देत! मी म्हातारा झालो हे साऱ्या गल्लीला कळलंच आहे, आता का झालो तेही कळू दे!"

टायरवाला उगाचच जोरजोरात हातोडी आपटू लागला.

"चूक झाली," मुलगा म्हणाला. "चारही नवे घेऊन देतो."

"नवे नकोत. माझे दे."

मुलाच्या गाडीचे ते दोन टायर निघाले आणि ज्याचे त्याला बसले. टायरवाल्याने ते उंच, अरुंद टायर उचलून मुलाला विचारलं, "हे तुमच्या गाडीला घालू?"

"छे, ते नकोत."

"का?" ओळंबेकाका म्हणाले. "रिममध्ये बसतात की."

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. सांगताना पुन्हा संतापले, आवाज चढला, आणि मग एकदम बसला. रात्री मुलाचा फोन आला तेव्हा तिने तो वाजू दिला.

सकाळी ओळंबेकाकांनी काठी घेतली. चारही टायर एकाच आवाजात बोलले. तरीही ते प्रत्येक चाकापाशी वाकले, हात फिरवून आले, मग हाक मारली, "अगं, चल. अक्काकडे."

बसने जाताना न्यायची ती पिशवी घेऊन ती आली आणि पुढेच बसली. त्यांना फार बरं वाटलं. रस्ता रात्रीच्या पावसाने ओला होता. पुलाजवळचं वळण आलं. स्टिअरिंग त्यांच्या हातात पूर्वीसारखं मऊ वळलं. गाडी तसूभरही हलली नाही. बघितलंस, असं म्हणायला त्यांनी डावीकडे पाहिलं.

तिने दारावरचं हँडल दोन्ही हातांनी धरलं होतं. बोटं पांढरी पडली होती आणि डोळे घट्ट मिटलेले होते.

"छान चालवताय हो," ती तशीच म्हणाली.

मागून बस आली आणि हॉर्न देऊ लागली. ओळंबेकाकांनी वेग कमी केला, गाडी कडेला घेतली आणि बसला पुढे जाऊ दिलं.