तळाचा घोट

त्या शनिवारी दुपारी आई उंबऱ्यात बसून चिंच-राखेनं चर्चमधला प्याला घासत होती. सोलापुरातला लष्करी कायदा उठून वर्ष झालं होतं, गिरण्यांचे भोंगे पुन्हा वेळेवर होत होते. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन. प्याला घासायचं काम तिचंच.

"बघ, तोंड दिसतंय," ती म्हणाली आणि प्याला झटकन उलटा ठेवला.

तिच्या ओठांवर, हातांवर कोड होतं. सांगोल्याकडच्या आमच्या धनगरवाड्यात तिला 'काबरी शेळी' म्हणत. पोरं बें बें करत मागं लागायची, विहिरीवर बाया तिची घागर काठीनं सरकवायच्या. नवऱ्यानं दुसरी केली. मला कडेवर घेऊन ती सोलापूरला आली. मिशनच्या बाईंनी तिला पाणी दिलं आणि तिनं तोंड लावलेल्या पेल्यातलं उरलेलं स्वतः पिऊन टाकलं. त्या घोटानं आई ख्रिस्ती झाली.

मग मंडळीतही तिची जागा ठरून गेली. शेवटच्या रांगेचं टोक. सगळे द्राक्षरसाच्या एकाच प्याल्याला तोंड लावत आणि प्याला तिच्यापाशी संपे. कुणी तसं सांगितलं नव्हतं. तिच्यानंतर कुणी बसत नसे, एवढंच.

"शेवटाला पेलं म्हंजी तळाचं समदं माजंच की," ती हसायची. "येशूनं माज्यासाठी राखून ठिवल्यावानी."

तिला खरंच तसं वाटे. त्यावर ती जगली.

मी शाळेत शिकवते. कोड स्पर्शानं पसरत नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तरी अकरा वर्षं मी तिच्यापासून लांब, पुढं चौथ्या रांगेत बसले.

रविवारी पहाटे आई उठलीच नाही. प्रभुभोजन आठवडाभर पुढं ढकललं. मंडळी मातीला आली, गीतं म्हणाली, रडलीसुद्धा.

पुढच्या रविवारी तिनं घासलेला प्याला फडक्यातून निघाला, अजून लखलखत होता. मी तिच्या जागी बसले. पुढच्या रांगेतून मायाक्का वळल्या.

"पुढं ये की गं मास्तरीण. तितं कशाला बसतीस? आता काय भ्या न्हाय. गेली बिचारी."

प्याला फिरत माझ्या हाती आला. तळाशी घोटभर उरलं होतं. पाळकांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी बोलले,

"मायाक्का, तुम्ही तिला लांब ठेवलंत. मीही ठेवलं. मला माझ्या आईचं उष्टं नको होतं."